क्वार्टरबॅकला घराजवळ हवं

शत्रुघ्न सरनाईक अमेरिकेला कधी गेले नव्हते. व्हिसा दोनदा नाकारला गेला होता, आणि तो विषय ऑफिसात कोणी काढायचा नाही हे सगळ्यांना न सांगता ठाऊक होतं. पण त्यांच्याकडे कॉलेज होतं ते अमेरिकेतलं. मिशिगनच्या बाजूचं, बर्फातलं, लाल विटांचं, स्वतःची फुटबॉल टीम असलेलं. व्हिडिओ गेममधलं होतं, म्हणून काय झालं? साहेब त्याबद्दल अशा थाटात बोलायचे, की नव्या माणसाला वाटावं हे तिथले ट्रस्टी असतील.

भानगड अशी होती. आखातातल्या मराठी मॅनेजर मंडळींनी एक ऑनलाइन लीग काढली होती. कुवेत, दोहा, मस्कत, जिथे म्हणून एसी केबिन आणि फिरती खुर्ची आहे तिथले हे लोक. प्रत्येकाने गेममधलं एकेक अमेरिकन कॉलेज घ्यायचं, त्याच्या टीमचा कोच व्हायचं आणि गुरुवारी संध्याकाळी एकमेकांना हरवायचं. खेळ अमेरिकन फुटबॉल, म्हणजे नाव फुटबॉल आणि चेंडू सगळा वेळ हातात. नियम कोणालाच धड कळत नव्हते. पण त्यावाचून काही अडत नव्हतं, कारण खरी चुरस मॅचची नव्हतीच, ती होती भरतीची. दर हंगामात गेममध्ये शाळा संपवलेली शेकडो पोरं यायची. सगळी कॉम्प्युटरने जन्माला घातलेली, पण नाव, गाव, उंची, वजन सगळं जिथल्या तिथे. त्यांना आपल्या कॉलेजात ओढण्यासाठी ही पन्नाशीतली माणसं जिवाचं रान करायची.

साहेबांची भरती दर हंगामाला आपटायची. पंचतारांकित, म्हणजे गेमने पाच तारे दिलेल्या, पोरांच्या मागे धावायचे, पोरं भलतीकडेच जायची, आणि रविवारी (तिकडे आठवडा रविवारी उघडतो) सकाळी ऑफिसबॉय चहा टेबलावर ठेवून तोंड न दाखवता पळायचा. एके दिवशी साहेबांच्या लक्षात आलं की आपल्या कुवेतच्या कंपनीत भरतीचं अख्खं खातं आहे आणि त्यात एक बाई पगार घेते.

ती बाई म्हणजे सुचित्रा परब. कंपनीसाठी भारतातून फिटर, वेल्डर, एसीवाले आणणं हे तिचं काम.

"परब मॅडम, तुमचं काम काय?" साहेबांनी विचारलं.

"रिक्रूटमेंट, सर."

"मग करा की!" असं म्हणून त्यांनी गेमचा कंट्रोलर तिच्या हातात दिला. "दुपारी दोननंतर रोज माझ्या केबिनमध्ये बसायचं. वेल्डर कुठं पळून जात नाहीत."

सुचित्राला हसावं की रडावं कळेना. त्यातल्या त्यात बरं म्हणजे ती ह्या माणसाला नाही म्हणण्याच्या परिस्थितीत नव्हती. बरं कसलं डोंबलाचं! तीच तर सगळी अडचण होती.

तिचं बिऱ्हाड फहाहीलला. नवरा प्रीतम जवळच अहमदीला तेल कंपनीच्या एका कंत्राटदाराकडे, तो वेळेवर घरी. सुचित्राचं ऑफिस मात्र कुवेत सिटीत. संध्याकाळी एक्सप्रेसवेवर गाड्यांचा जो लोंढा लागायचा, त्यातून ती घरी पोचेपर्यंत चार वर्षांची शर्वी झोपी गेलेली असायची. "चेडू तुझी वाट बघून बघून निजलां," प्रीतम सांगायचा. त्याचा राग नसायचा, आणि म्हणूनच तिला ते जास्त लागायचं. पोर दिवसभर शेजारच्या मल्याळी बाईंकडे. बाई जीव लावणारी, तक्रारीला जागा नाही. पण शर्वी हल्ली मल्याळममध्ये हट्ट करायची, मल्याळममध्ये भांडायची. एका सुट्टीच्या दिवशी ती रडत रडत आईजवळ येऊन काहीतरी सांगत राहिली आणि सुचित्राला एक शब्द कळला नाही. शेवटी शेजारणीला हाक मारावी लागली. तिने ऐकलं आणि सांगितलं, कान दुखतोय म्हणते. आपल्या लेकराचं दुखणं आपल्याला दुभाष्याकडून कळावं, ह्याची सुचित्राला इतकी लाज वाटली की तिने ते प्रीतमलाही सांगितलं नाही.

आणि उपाय समोर होता! घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर एक खाजगी हॉस्पिटल होतं, तिथे नर्सेसच्या भरतीची जागा निघाली होती. तिथले अॅडमिनिस्ट्रेटर यासिर मुकादम, मूळचे रत्नागिरीकडचे. त्यांनी मुलाखत घेतली, पसंत केलं, पत्रही दिलं. अडलं होतं फक्त रिलीजवर. सुचित्राला ह्या कंपनीत पुरेशी वर्षं झाली नव्हती, त्यामुळे सरनाईकसाहेबांनी सोडल्याची सही दिल्याशिवाय तिला हलता येत नव्हतं. साहेब नाही म्हणत नव्हते, हे त्यांचं वैशिष्ट्य. ते "बघू की" म्हणायचे. आता म्हणाले, "माझी भरती पहिल्या नंबरात आणा, दुसऱ्या दिवशी सही. शब्द आहे माझा."

तर सुचित्रा पदर खोचून कामाला लागली. पदर कुठला, ऑफिसचा कुर्ता होता, पण समजून घ्या.

पहिल्याच आठवड्यात तिला साहेबांची चूक दिसली. गेममध्ये प्रत्येक कोचला दर आठवड्याला ठरावीक वेळ मिळायचा, तो कोणत्या पोराला फोन करण्यात, कोणाच्या घरी जाण्यात घालवायचा हे आपण ठरवायचं. साहेब सगळा वेळ पोरांना आपल्या कॉलेजची कौतुकं ऐकवण्यात घालवत होते. पोराला काय हवंय हे विचारतच नव्हते. आणि इथे तर विचारल्याशिवाय पान हलत नव्हतं! एकाला पहिल्याच वर्षी खेळायला मिळायला हवं, एकाला अभ्यासाचं नाव मोठं हवं, एकाला नुसती गर्दी आणि गोंगाट हवा. प्रत्येकाची एक अट अशी असायची की ती मोडली की पोरगं मागे वळून बघत नसे.

सुचित्राला हे नवीन होतं. मुंबईत इंटरव्ह्यूला बसली की ती आजवर काय विचारत आली? पासपोर्ट आहे का, मेडिकल झालं का, ओव्हरटाईम करशील ना. समोरच्या वेल्डरला, "बाबा रे, तुला काय हवं?" असं तिने जन्मात विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर तो बिचारा घाबरून उठून गेला असता.

पण एक विद्या तिला घरची होती. कुडाळला तिच्या आत्याने निम्म्या गावाची लग्नं जुळवली होती, आणि सुचित्रा लहानपणी तिच्याबरोबर स्थळं बघत हिंडली होती. मुलाकडच्यांना भेटायचं तर आधी आईला जिंकायचं. फार घाई दाखवायची नाही. पहिल्या भेटीत मोठेपणा सांगायचा नाही. ज्याच्या दारात दहा जण उभे आहेत त्याच्याकडे शेवटी जायचं, आणि ज्याला कोणी विचारत नाही त्याला आधी विचारायचं. ह्याच रीतीने तिने टेक्सासची, ओहायोची, जॉर्जियाची पोरं हाताळली. तीनतारांकित, दुर्लक्षित, आडगावची धिप्पाड पोरं एकेक करून साहेबांच्या कॉलेजला हो म्हणू लागली. साहेब तर हवेत तरंगायला लागले.

"अहो मॅडम, हे काय करताय काय तुम्ही!" ते म्हणायचे आणि समोसे मागवायचे. काचेबाहेरच्या टेबलावरचा अकाउंटंट अक्षय मान खाली घालून हसायचा, आणि भारतातल्या वेल्डरांच्या फायली तशाच पडून राहायच्या.

हंगाम संपला. साहेबांची भरती लीगमध्ये पहिली आली. दुसऱ्या दिवशी सुचित्रा रिलीजचा कागद छापून घेऊन केबिनमध्ये गेली.

साहेबांनी कागद बघितला, तिच्याकडे बघितलं आणि खरोखर दुखावल्यासारखा चेहरा केला. "मॅडम, आत्ता? आता तर तुम्हाला सोडणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा. पुढच्या हंगामात ट्रेंट येतोय!"

म्हणजे बघा. काम वाईट केलं असतं तर रिलीज मिळाली नसती, आणि चांगलं केलं म्हणूनही मिळाली नाही. सुचित्रा वॉशरूममध्ये जाऊन नळ सोडून रडली. मग तोंड धुऊन दोन वाजता कंट्रोलर घेऊन बसली. दुसरं करणार काय?

ट्रेंट हॉलोवे. टेक्सासमधल्या एका धुळकट गावचा पोरगा, क्वार्टरबॅक. क्वार्टरबॅक म्हणजे टीमचा नवरदेव, सगळं त्याच्याभोवती फिरतं. ह्या पोराचे आकडे बघून आखातभर खळबळ उडाली होती. दोह्याच्या एका मॅनेजरने त्याच्यासाठी हज यात्रेचा बेत पुढे ढकलल्याची वदंता होती. साहेबांनी तर त्याचा फोटो, म्हणजे गेममधलं चित्र, मोबाइलवर लावून ठेवलं होतं. तिथे आधी त्यांच्या बायकोचा फोटो होता.

सुचित्राने आठवडाभर पोराचा पिच्छा पुरवला आणि त्याची अट शोधून काढली.

"काय म्हणतोय?" साहेब खुर्चीच्या कडेला येऊन बसले होते. "अभ्यास? पहिल्या वर्षी खेळायला? देऊ. काय हवं ते देऊ!"

"घराजवळ राहायचंय त्याला, सर."

"म्हणजे?"

"घरापासून लांब जायचं नाही म्हणतो. आपलं कॉलेज पडलं मिशिगनला. तो येणार नाही."

साहेब मोबाइलवरचं ट्रेंटचं चित्र काढून बसले. मग असे काही हळवे झाले की सुचित्रा बघतच राहिली. "बरोबर आहे त्याचं," ते म्हणाले. "पोरगं आईबापाजवळ राहू दे म्हणतं. किती गुणी आहे बघा. हल्ली कुठं बघायला मिळतं हे?"

"सर, मीसुद्धा..."

"थांबा, मला विचार करू द्या!"

आणि त्यांनी विचार केला तो असा, की पोरगं कॉलेजकडे येत नसेल तर कॉलेजने पोराकडे जावं. गेममध्ये कोचला कॉलेज बदलता येतं. इतक्या हंगामांची मेहनत, ते लाल विटांचं कॉलेज, सुचित्राने आणलेली ती गुणी आडगावची पोरं, सगळं सोडून साहेब टेक्सासमधलं एक फाटकं, दरवर्षी हरणारं कॉलेज घ्यायला निघाले. का, तर ते ट्रेंटच्या घरापासून जवळ. जो माणूस सुचित्राच्या कागदावर एक सही करत नव्हता, तो एका नसलेल्या पोराच्या सोयीसाठी हजार मैल बिऱ्हाड हलवत होता. तिच्या मनात आलं, तो कंट्रोलर ह्यांच्या टकलावर हाणावा.

पण इथे एक मेख होती, आणि ती साहेबांनीच मारून ठेवली होती. पहिल्या हंगामात हरलेले मॅनेजर भराभर कॉलेजं बदलायला लागले, तेव्हा सरनाईकसाहेबांनीच संतापून नियम करायला लावला होता. ज्या राज्यातल्या कॉलेजात जायचं, तिथे आधीपासून जो कोच आहे त्याची ना-हरकत हवी. जगातल्या दुसऱ्या कुठल्या लीगमध्ये असा नियम असेल असं वाटत नाही. पण ह्या लोकांची हयात एनओसी मागण्यात आणि अडवण्यात गेलेली, ते खेळतानासुद्धा एनओसीच खेळणार. नियमाला सगळ्यांनी मोठ्या समाधानाने मान्यता दिली होती.

आणि टेक्सासमध्ये आधीपासून कोण होतं? यासिर मुकादम, फहाहीलचे.

साहेबांनी लगेच फोन लावला. यासिरभाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बघू ना, सरनाईकसाहेब."

एक आठवडा गेला. "बघू ना." दुसरा गेला. "हंगाम जरा पुढे सरकू दे." साहेबांचा पारा चढत गेला. केबिनमध्ये येरझाऱ्या घालत ते ओरडायला लागले, "हा काय न्याय झाला? माणसाला एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जायचंय, त्यात तिसऱ्याच्या परवानगीचा संबंध काय? गुलाम आहोत का आम्ही? हां? तुम्ही सांगा मॅडम!"

सुचित्रा जागेवर आली आणि तिने स्वतः यासिरभाईंना फोन लावला.

"यासिरभाई, तुम्ही एनओसी का अडवलीत?"

"ताई, खरं सांगू? पोरगं मलाही हवंय." ते हसले. "पण तुमचं काय झालं? माझ्या इथे दोन वॉर्ड नर्सेसशिवाय चाललेत. मी कधीपर्यंत थांबू? वरचे लोक आता दुसरा माणूस घ्या म्हणतायत."

सुचित्राने आवाज सरळ ठेवला. "मग द्या ना एनओसी. फुकट देऊ नका."

यासिरभाई मोठ्याने हसले. "अल्ला! तुम्ही तर माझ्याकडे यायच्या आधीच कामाला लागलात."

त्याच दुपारी त्यांचा साहेबांना फोन आला. टेक्सास मोकळं, ट्रेंटवरचा हक्कही सोडला. बदल्यात सुचित्रा परबची रिलीज. साहेबांनी फोन ठेवला आणि केबिनची काच वाजवून तिला बोलावलं. चेहऱ्यावर राग नव्हता. उलट सौदा स्वस्तात पटल्याचा आनंद लपत नव्हता.

"एवढंच होतं तर आधी सांगायचं की," ते म्हणाले. "घराजवळ हवं होतं, एवढंच ना?"

सुचित्राला त्या वेळी जे वाटलं ते वाईट होतं. इतके महिने ती हेच सांगत होती. मुलीचं सांगून झालं, रस्त्याचं सांगून झालं, डोळ्यांत पाणी आणून झालं. त्या सगळ्याचं वजन शून्य, आणि पडद्यावरच्या पोराचं वजन एवढं. तरी ती म्हणाली, "थँक यू, सर."

"पण एक," साहेबांनी रिलीजचा कागद ड्रॉवरमध्ये ठेवत बोट वर केलं. "तुमच्या जागेवर माणूस पाहिजे. ह्या गुरुवारच्या आत. माझा ट्रेंट अधांतरी राहायला नको. माणूस बसवा, सही घेऊन जा."

यासिरभाईंना वरच्यांनी दिलेली मुदतही त्याच गुरुवारची होती. सुचित्राने दोन दिवस फोन फिरवले. एक बाई पगार ऐकून नाही म्हणाली, एकाला इतक्या लवकर मोकळं होता येत नव्हतं. बुधवारी मेहविश आली.

मेहविश खेडची. नवऱ्याचं फहाहीलच्या बाजारात मोबाइल दुरुस्तीचं दुकान. मुंबईत एका एजन्सीत भरतीचंच काम केलेलं, बोलायला गोड, कागदपत्रं नीटनेटकी. साहेबांनी तिला काचेतूनच पाहिलं आणि अंगठा वर केला. त्यांच्या कानाला हेडफोन होता आणि ते मस्कतच्या कोणावर तरी ओरडत होते.

सुचित्राने ऑफर लेटर पुढे सरकवलं. मेहविशने पेन उचललं, आणि मग खाली ठेवलं.

"ताई, एक विचारू? रागावू नका." ती थोडी पुढे झुकली. "माझी मुलगी आठ महिन्यांची आहे. आत्ता सासूबाई आहेत, पण त्या ईदनंतर गावाला जाणार. इथून घरी पोचायला उशीर होतो का हो? आणि पुढेमागे मला घराजवळ काही मिळालं, तर हे साहेब सोडतात ना? माझ्या बहिणीला तिच्या कंपनीने अडकवून ठेवलीय, म्हणून विचारते."

हंगामभर सुचित्राने हेच तर केलं होतं. समोरच्याची एक अट शोधायची, जी मोडली की तो येत नाही. मेहविशची अट तिच्या समोर मांडलेली होती, आणि खरं उत्तर दिलं तर ही मुलगी पेन उचलणार नाही हे तिला स्वच्छ दिसत होतं. उद्या गुरुवार. दुसरा माणूस नाही. शर्वी आत्ता कोणाच्या तरी स्वयंपाकघरात बसून कोणत्या तरी भाषेत गोष्ट ऐकत असेल.

"रस्त्याला थोडी गर्दी असते," सुचित्रा म्हणाली.

"तेवढं चालतं, ताई. सोडतात ना पण?"

सुचित्राने काचेपलीकडे बघितलं. साहेब खुर्चीतून उठून दोन्ही हात वर करून नाचत होते. ट्रेंटने हो म्हटलं असावं.

"सोडतात की," ती म्हणाली. "माझंच बघ ना. मी घराजवळच चाललेय. सोडलं ना मला?"

त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. मेहविशचा चेहरा खुलला. "अल्ला तुमचं भलं करो, ताई. नशीब माझं, तुम्ही भेटलात," असं म्हणून तिने सही केली, खाली तारीख घातली, आणि पेन पुसून परत दिलं.

सुचित्राने कागद उचलला. तिला त्या मुलीकडे बघवत नव्हतं, म्हणून ती सहीकडेच बघत राहिली. मग उठली आणि आपली रिलीज घ्यायला साहेबांच्या केबिनमध्ये गेली.